बार्शी लाईट : माप आणि मार्ग

रेल्वेच्या इतिहासात शाखामार्गाला बहुधा तळटिपेपुरतीच जागा मिळते. मुख्य मार्ग बंदरापासून निघतो, घाट फोडतो, नद्या ओलांडतो आणि राजधानीला राजधानी जोडतो, म्हणून त्याच्या अभियंत्यांची चरित्रे लिहिली जातात; शाखामार्ग एखाद्या जंक्शनापासून निघून एखाद्या बाजारगावी थांबतो, आणि त्याच्या जन्माची नोंद कंपनीच्या अहवालापलीकडे क्वचितच पोहोचते. महाराष्ट्रात याला एक ठळक अपवाद आहे, तो म्हणजे ‘बार्शी लाईट’ या नावाने तीन-चार पिढ्यांच्या तोंडी राहिलेली, सोलापूर जिल्ह्यातून एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला मिरज गाठणारी अरुंदमापी रेल्वे. अभियांत्रिकीच्या ग्रंथांत तिची दखल घेतली गेली ती तिच्या लांबीमुळे किंवा उत्पन्नामुळे नव्हे. थोड्या खर्चाची रेल्वे नेमकी कशी बांधावी, या प्रश्नाचे पूर्ण विचारांती दिलेले एक उत्तर म्हणून ती घेतली गेली. ते उत्तर कितपत बरोबर होते, हे मात्र ती मुख्य मार्गाला जिथे मिळे त्या कुर्डुवाडी जंक्शनाच्या फलाटावर ठरायचे होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा, म्हणजे जीआयपीचा, लोहमार्ग पुण्याहून १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला आणि पुढे १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळाला. मुंबई आणि मद्रास जोडण्याच्या हिशेबात आखलेल्या या मार्गाने बार्शीला सुमारे ३५ किलोमीटर बाजूला टाकले. बार्शी हे काही लहानसहान खेडे नव्हते. ब्रिटिश मुलखाच्या कडेला, निजामाच्या राज्याला खेटून वसलेली ती मोठी पेठ होती, आणि बालाघाटच्या पठारावरचा कापूस, करडई-जवसासारख्या तेलबिया आणि धान्य बैलगाड्यांतून तिथे उतरत असे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे विलायतेतील गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची गरज भासू लागली आणि अशा पेठांचे महत्त्व एकाएकी वाढले. पेठेपासून स्टेशनापर्यंतचा रस्ता मात्र काळ्या जमिनीतून जात होता. उन्हाळ्यात त्यावर धुरळ्याचे लोट उठत आणि पावसाळ्यात गाडीचे चाक आसापर्यंत रुतत असे. मालाचे मोल मुंबईच्या भावावर ठरत असल्यामुळे या ३५ किलोमीटरांत जो वेळ आणि जे भाडे खर्ची पडे, ते अखेरीस कुणब्याच्या पदरात पडणाऱ्या दामातूनच वजा होई.

एव्हरर्ड रिचर्ड कॅलथ्रॉप हा तरुण इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत, इंजिनांचा निरीक्षक म्हणून, हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गाला माल पुरवणाऱ्या छोट्या मार्गांची, म्हणजे पूरक मार्गांची, गरज त्याला फार लवकर दिसली, आणि १८८७ मध्ये अशाच मार्गांसाठी त्याने लंडनमध्ये एक कंपनीही नोंदवली. सरकार, जीआयपी आणि भांडवलदार या तिघांची संमती मिळवण्यात मात्र पुढची कित्येक वर्षे गेली; बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन व्हायला १८९५ उजाडले. ‘लाईट रेल्वे’ ही त्या काळची एक ठरीव संकल्पना होती. हलके रूळ, मर्यादित वेग, साधी स्टेशने आणि सिग्नलांचा व कुंपणांचा कमीत कमी पसारा ठेवून ज्या भागात पूर्ण मापाची रेल्वे परवडणार नाही तिथे रेल्वे नेणे, असा तिचा अर्थ होता. इंग्लंडच्या पार्लमेंटने यासाठी स्वतंत्र कायदा केला तो १८९६ मध्ये. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील कामाची आखणी त्याआधीच झाली होती.

हलक्या रेल्वेविषयी तेव्हाचा सर्वसाधारण समज असा होता की मोठ्या रेल्वेची प्रत्येक गोष्ट प्रमाणात लहान केली की हलकी रेल्वे तयार होते. कॅलथ्रॉपने हा समज मुळातूनच नाकारला. त्याच्या मांडणीचा पाया ‘आसभार’ हा होता. दोन चाकांना जोडणाऱ्या लोखंडी दांड्याला आस म्हणतात, आणि एका आसावाटे रुळावर जेवढे वजन पडते तो त्या आसाचा भार. रूळ किती जड असावा, पूल किती भक्कम असावा, मातीचा भराव किती दाबून बसवावा, हे सगळे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, सर्वांत जड आसावर ठरते. सामान्य रेल्वेत हा सर्वांत जड आस इंजिनाचा असतो. डबे त्याहून बरेच हलके असतात. त्यामुळे इंजिनासाठी घातलेल्या भक्कम रुळाची बरीचशी ताकद डब्यांच्या बाबतीत वाया जाते. कॅलथ्रॉपने ठरवले की इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, आणि भरलेला मालडबा शक्य तितका या मर्यादेजवळ न्यायचा. म्हणजे रुळाची जेवढी शक्ती विकत घेतली तेवढी सगळी मालाच्या वाहतुकीला लागेल.

या एका निर्णयातून बाकीचे निर्णय आपोआप निघाले. दर वाराला ३० पौंड वजनाचा रूळ पुरेसा ठरला. मुख्य मार्गावरचे रूळ याच्या दुपटीहून जड होते. रुळांमधील अंतर, ज्याला माप किंवा गेज म्हणतात, ते अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर ठेवले गेले. जीआयपीचे माप साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर, होते. लीड्सच्या किट्सन कारखान्याने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना एकमेकांशी दांड्यांनी जोडलेली आठ ओढणारी चाके आणि मागे आधाराची आणखी चार चाके होती, त्यामुळे जवळपास ३० टनांचे इंजिन सहा आसांवर सारखे वाटले गेले. मालडबे बोगीवर बसवले होते. बोगी म्हणजे डब्याच्या दोन्ही टोकांखाली असलेला, वळणावर स्वतंत्रपणे फिरू शकणारा चाकांचा गाडा. अशा डब्याला चार आस मिळतात आणि माल धरून २० टनांपर्यंतचे वजन ३० पौंडी रुळावरून नेता येते. सांगाडे जाड पत्रा दाबून घडवलेल्या पोलादाचे, म्हणून डब्याचे स्वतःचे वजन कमी आणि मालाला वाव जास्त. शेतकऱ्याच्या घरातील चुलीइतकीच जेमतेम पण पुरी पडणारी ही व्यवस्था होती, आणि तिच्यातील काटकसर दारिद्र्यातून आलेली नव्हती, गणितातून आली होती. अरुंदमापी रेल्वेला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणून हसणाऱ्या लेखकांनी हे गणित बहुधा पाहिलेले नसते.

हे सगळे साहित्य हिंदुस्थानात रवाना करण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम रूळ टाकून त्याचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. बार्शीच्या कापसासाठी बनवलेली गाडी आधी यॉर्कशरमध्ये धावली. पुढे १९०४ मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची जी डोंगराळ शाखा सुरू झाली, तिचा अभियंताही कॅलथ्रॉपच होता. तिचे माप तेच, इंजिने किट्सनचीच, आणि त्यांच्यावरचे प्रचंड दिवे पाहून ती उष्ण कटिबंधातल्या एखाद्या वसाहतीसाठी बनवली असावीत असे कोणालाही वाटे. वसाहतीने मायदेशाला नमुना पुरवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. ती इंग्रजी शाखा १९३४ मध्ये बंद पडली, बार्शीची तिच्यानंतर सत्तरहून अधिक वर्षे चालली. कॅलथ्रॉपचे पुढचे आयुष्य वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्यात गेले, आणि १९२७ मध्ये तो मरण पावला.

कुर्डुवाडी, जिचे तेव्हाचे स्टेशनाचे नाव बार्शी रोड, तिथून बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा मार्च १८९७ मध्ये सुरू झाला. दख्खनवर त्या वर्षी दुष्काळाची छाया होती. सोलापूर जिल्ह्याला १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ अजून विसरता आलेला नव्हता, आणि धान्य एका भागात असूनही दुसऱ्या भागात पोहोचत नाही हा त्या दुष्काळाचा धडा सरकारी कागदपत्रांत वारंवार उगाळला गेला होता. तरीही बार्शीची रेल्वे दुष्काळनिवारणासाठी बांधली गेली, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. ती नफ्यासाठी बांधली होती आणि नफा कापसात होता.

अशा मार्गाचा दिनक्रम मुख्य मार्गाहून अगदी निराळा असतो. रूळ एकेरी असल्यामुळे समोरासमोरच्या गाड्या केवळ स्टेशनातच एकमेकींना वाट देऊ शकतात, आणि दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी राहील याची खात्री करावी लागते. त्यासाठी एकेरी मार्गावर चालकाच्या हाती त्या तुकड्याचे टोकन, म्हणजे परवानगीची खूण, दिली जाण्याची पद्धत रूढ झाली. ती हाती नसेल तर इंजिनाने स्टेशन सोडायचे नाही. बऱ्याच गाड्या ‘मिश्र’ असत, म्हणजे प्रवाशांचे आणि मालाचे डबे एकाच इंजिनामागे. स्टेशनात आल्यावर प्रवासी उतरत, मग इंजिन मागेपुढे करून मालाचे डबे बाजूच्या रुळावर सोडी किंवा भरलेले जोडून घेई, त्याच वेळी पाणी भरून घेई, आणि तोवर प्रवासी चिंचेच्या सावलीत बसून राहत. वेळापत्रक कागदावर असे. प्रत्यक्षात गाडीची वेळ त्या दिवशीच्या बाजारावर अवलंबून राही. यात कोणाला ढिसाळपणा दिसेल, पण खेडेगावातील रेल्वे सांभाळत होती ती गावाची लय, आणि हंगामात कापसाचा एक डबा मागे राहिला असता तर व्यापाऱ्याने केलेली आरडाओरड पाच प्रवाशांच्या खोळंब्याहून मोठी ठरली असती.

या व्यवस्थेचे खरे दुखणे कुर्डुवाडीला होते. अडीच फुटांवरचा डबा साडेपाच फुटांच्या रुळांवर जाऊ शकत नाही, म्हणून बार्शीहून आलेली प्रत्येक गासडी आणि प्रत्येक पोते तिथे हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागे. यात मजुरी जाई, वेळ जाई, पोती फाटत, मापात घट येई आणि चोरीला वाव मिळे. मोठ्या रेल्वेचे डबे वेळेवर उपलब्ध नसले तर माल उघड्यावर पडून राही. कॅलथ्रॉपने बांधकामात वाचवलेला पैसा मापबदलाच्या या फलाटावर वर्षानुवर्षे थोडा थोडा परत जात होता. हा तोटा कंपनीच्या ताळेबंदात फारसा दिसत नसे, कारण त्याचा मोठा भाग व्यापारी आणि शेतकरी सोसत. अरुंद मापाचे समर्थक आणि विरोधक यांच्यातील जुन्या वादात दोन्ही पक्ष आपापल्या परीने खरे होते: रूळ टाकताना अरुंद माप स्वस्त पडते आणि जंक्शनावर महाग पडते. दुसरीकडे याच हमालीवर, याच गुदामांवर आणि पुढे उभ्या राहिलेल्या दुरुस्ती कारखान्यावर कुर्डुवाडी नावाचे गाव वाढले, हेही नोंदवायला हवे.

१९०६ मध्ये कुर्डुवाडीहून दुसऱ्या दिशेला पंढरपूरपर्यंत रूळ गेले आणि कापसाच्या गाडीला वारकरी मिळाले. इथे एक लक्षणीय गोष्ट घडली. रेल्वेने वारीची पायवाट मोडली नाही. आळंदी-देहूहून निघालेल्या पालख्या पायीच पंढरपुरात येत राहिल्या, कारण चालणे हाच वारीचा धर्म. पण एकादशीचे दर्शन होऊन पौर्णिमेचा गोपाळकाला आटोपला की परतीच्या वाटेला चालण्याचे बंधन उरत नसे, आणि मग त्याच माणसांचा लोंढा स्टेशनाकडे वळे. म्हणजे वर्षातील काही ठरावीक दिवशी गर्दी एकाच दिशेला आणि एकाच वेळी. आषाढी आणि कार्तिकीला ज्यादा गाड्या सोडाव्या लागत आणि तरीही त्या अपुऱ्या पडत. महिनोन्‌महिने रिकाम्या धावणाऱ्या डब्यांचा हिशेब आणि यात्रेच्या चार दिवसांचा हिशेब एकाच वहीत कसा जुळवायचा, हा प्रश्न मुख्य मार्गाच्या व्यवस्थापकाला कधी पडत नाही.

पूर्वेकडे रूळ पांगरीवरून बालाघाटची चढण चढून येडशीला, तिथून तडवळ्याला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचले. आता ब्रिटिश हद्दीत निघालेली गाडी निजामाच्या राज्यात जाऊन थांबू लागली. सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर हैदराबाद संस्थान ‘करोडगिरी’ नावाची जकात घेई, त्यामुळे रेल्वेच्या दराइतकाच या जकातीचा विचार अडत्याला करावा लागे. राज्ये दोन असली तरी रूळ एकच होता, आणि माणसे, वर्तमानपत्रे व विचार यांच्यावर करोडगिरी बसवता येत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली ते कसबे तडवळे याच मार्गावरचे. निजामाच्या राज्यातील एखाद्या खेड्याचे नाव सामाजिक चळवळीच्या इतिहासात यावे यात रेल्वेचा वाटा किती, हे मोजून सांगता येणार नाही. पण त्या परिसराचे बाहेरच्या जगाशी असलेले दळणवळण प्रामुख्याने या दोन रुळांवरूनच होते.

शेवटच्या स्टेशनाला शाखामार्गावर एक विशेष लाभ असतो. जिथे रूळ संपतात तिथे चहूबाजूंच्या बैलगाड्या येऊन थांबतात, तिथेच अडत, गुदामे, जिनिंगचे कारखाने आणि उधारी जमते. सुरुवातीची काही वर्षे हा लाभ बार्शीकडे होता. रूळ लातूरला गेल्यावर पठारावरच्या गाड्यांना घाट उतरून बार्शीला येण्याचे कारण उरले नाही, आणि विसाव्या शतकात लातूर ही तेलबिया व डाळींची मोठी बाजारपेठ म्हणून उभी राहिली. बार्शीने आपल्या नावाच्या रेल्वेकडून जे मिळवले त्याचा एक भाग त्याच रेल्वेच्या विस्ताराने तिच्याकडून काढून घेतला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

१९२७ मध्ये पंढरपूरहून सांगोला, कवठे महांकाळ या कोरड्या मुलखातून मिरजेपर्यंत रूळ नेल्यावर मार्गाची लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. मिरजेला मीटरमापी रेल्वे आधीपासून होती, १९७१ मध्ये पुणे–कोल्हापूर मार्ग रुंदमापी झाला, आणि त्यानंतर काही वर्षे एकाच स्टेशनात तिन्ही मापे शेजारी शेजारी नांदली. रेल्वेप्रेमींना याचे मोठे कौतुक वाटते. तिथे पोती उचलणाऱ्यांना ते वाटले असण्याची शक्यता कमी.

देशातील मोठ्या कंपन्या सरकारजमा होऊन नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हाही बार्शी लाईट खासगीच राहिली होती. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने विकत घेऊन मध्य रेल्वेत सामील केली. एव्हाना तिचा खरा प्रतिस्पर्धी रस्त्यावर आला होता. राज्य परिवहनाची पहिली गाडी १९४८ मध्ये धावली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत एसटी थेट गावाच्या वेशीत थांबू लागली. मालमोटार तर शेताच्या बांधावरून माल उचलून सरळ मुंबईला नेई, मध्ये कुर्डुवाडीची हमाली नाही. अरुंदमापी गाडीचा वेग वाढवणे ३० पौंडी रुळाच्या पायावर सोपे नव्हते. तिच्याकडे उरले ते मुख्यतः दोन वर्ग: यात्रेकरू, आणि एसटीचे भाडेही जड वाटणारे लोक. या दुसऱ्या वर्गासाठी ती शेवटपर्यंत चालू राहिली. तोट्यातील मार्ग म्हणून तिची गणना झाली, ती हिशेबाने योग्यच होती. परंतु तोट्याच्या त्या आकड्यात, ज्यांना प्रवासाचे दुसरे साधन परवडत नव्हते त्यांची संख्या कोणत्या रकान्यात धरली, याचा खुलासा अशा गणनांत कधी आढळत नाही.

मापबदलाचे काम तुकड्या-तुकड्यांनी झाले. कुर्डुवाडी–पंढरपूर २००१ मध्ये, लातूरकडची बाजू २००७ आणि २००८ मध्ये, आणि पंढरपूर–मिरज २०१०–११ च्या सुमारास रुंदमापी झाले. जुन्या रुळांनी येडशी गाठली होती, पण जिल्ह्याचे ठाणे असलेले उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, त्यांनी बाजूलाच ठेवले होते. नव्या आखणीत लोकांच्या मागणीवरून मार्ग वळवून तिथे नेण्यात आला. १८६० मध्ये जे बार्शीच्या वाट्याला आले तेच शतकभर धाराशिवच्या वाट्याला आले होते. बार्शीवर अन्याय मुख्य मार्गाने केला होता, धाराशिववर खुद्द शाखामार्गाने, एवढाच फरक.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचे पाणी संपले. तेव्हा मिरजेहून कृष्णाकाठचे पाणी टाकीच्या वाघिणींत भरून रेल्वेने लातूरला नेण्यात आले; वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कारखान्यात धुऊन आणल्या होत्या. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी १२ एप्रिलला पोहोचले, पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली आणि काही महिने हा क्रम चालू राहिला. ‘जलदूत’ हे तिचे नाव वर्तमानपत्रांतून सर्वांना ठाऊक झाले. ती गाडी मिरजेहून निघून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या क्रमाने लातूरला जात होती. त्याआधी सहा-सात वर्षे कोट्याच्या वाघिणी या मार्गावर चढूच शकल्या नसत्या, कारण त्यांच्या चाकांचे माप निराळे होते. त्या धावल्या ते रूळ नवे, त्यांचे माप नवे आणि पूलही नव्या भाराचे होते. मार्ग मात्र, धाराशिवकडे घेतलेले वळण आणि ठिकठिकाणचे किरकोळ फेरफार सोडले, तर बार्शी लाईट कंपनीने १८९७ ते १९२७ या तीस वर्षांत आखलेलाच होता.